मुंबईजवळची हिवाळी निसर्गफेरी : चौतीस माणसांच्या रांगेतून जंगल दिसते का?

दहिसरकरीण (८ डिसेंबर, रात्री ९.४०)

नमस्कार. काल रविवारी मी आणि माझे वडील एका गटाबरोबर येऊरच्या बाजूला मार्गदर्शकासह निसर्गफेरीला जाऊन आलो. वडिलांचे वय ६९ आहे, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो आणि उत्साह माझ्या दुप्पट आहे. ‘गवताळ माळ आणि दाट रान यांतून तीन तासांची संथ फेरी’ असे जाहिरातीत होते, म्हणून मी हौसेने दोघांची नावे नोंदवली. प्रत्यक्षात एका अरुंद पायवाटेवर आम्ही ३४ माणसे एकामागे एक चालत होतो आणि मार्गदर्शक एकच होता. तो पुढे काही दाखवायचा, पहिले सहा-सात जण पाहायचे आणि आम्ही तिथे पोहोचेपर्यंत पक्षी उडालेला असायचा. मागे यायची ती नुसती बातमी, तीही कानगोष्टींच्या खेळासारखी बदलत बदलत. पुढून निघालेला ‘स्वर्गीय नर्तक’ पक्षी आमच्यापर्यंत ‘पुढे कोणीतरी नाचतंय’ असा पोहोचला. वडील तेव्हा हसले, पण परतीच्या बसमध्ये म्हणाले, “आपण ठाण्याला जाऊन लोकांच्या पाठपिशव्या पाहून आलो.”

गटाचे नाव लिहीत नाही, कारण मला तक्रार करायची नाही, विचारायचे आहे. अशा सामूहिक फेऱ्यांतून खरोखर काही पदरात पडते का? जानेवारीत वडिलांना पुन्हा न्यायचे आहे. आम्ही दोघांनीच जंगलात शिरण्याएवढी आम्हाला माहिती नाही आणि धाडसही नाही. फेरी निवडताना काय विचारावे, आणि माळ व रान दोन्ही एकाच सकाळी पाहता येईल अशी जागा कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

पायपीट (८ डिसेंबर, रात्री ९.५२)

चौतीस माणसे असतील तर तिला फेरी म्हणत नाहीत, वरात म्हणतात. घोडा तेवढा राहिला.

कोतवाल (८ डिसेंबर, रात्री ११.०५)

मी बरीच वर्षे रविवारी अशा फेऱ्या नेत होतो, आता गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे. त्यामुळे दहिसरकरीण यांच्या वडिलांशी माझे आधीच जमले आहे, असे समजा.

एका मार्गदर्शकामागे बारा, फार तर पंधरा माणसे असावीत. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही. अरुंद वाटेवर पंधरा माणसांची रांग साधारण तीस-पस्तीस पावलांची होते आणि तेवढ्या अंतरावर हाताची खूण शेवटच्या माणसालाही दिसते. रांग त्याहून लांबली की खुणेऐवजी हाक मारावी लागते, आणि हाक मारली की ज्याच्यासाठी मारली तोच निघून जातो. दुसरी गोष्ट म्हणजे गटात दोन जाणती माणसे लागतात. एक पुढे चालतो, दुसरा सगळ्यांच्या मागे. मागच्याचे काम अधिक अवघड असते. वाट फुटेल तिथे माणसे मोजायची, बुटाची नाडी बांधायला बसलेल्याजवळ थांबायचे, ज्याला धाप लागली आहे त्याला ते जाणवू न देता वेग कमी करायचा. पुढचा माणूस वाट चुकला तर सगळेच चुकतात, पण मागचा नसेल तर कोणीतरी एकटा चुकतो, आणि हे जास्त वाईट.

तिसरी गोष्ट अनुभवाने शिकलो. मोठा गट पाखरांच्या मागे नेऊ नये, जे उडून जात नाही त्याच्याकडे न्यावा. ऐनाचे खोड घ्या. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांत तडकलेली असते आणि तिच्यावर हात फिरवला की लहान मूलसुद्धा ते झाड पुन्हा विसरत नाही. कांडोळाचे गुळगुळीत पांढरे खोड, वारुळाला अस्वलासारखी चिकटून बसलेली वेल, ओल्या मातीतला ठसा, साळिंदराचा काटा, या गोष्टी चौतिसाव्या माणसासाठीही तिथेच थांबतात. पाखरांसाठी मात्र सगळ्यांनी एका जागी बसावे आणि पाखरांना येऊ द्यावे. हिवाळ्यात हे जमते, कारण या दिवसांत लहान पक्षी मिश्र थव्याने हिंडतात. निखार, चष्मेवाला, सुतार असे वेगवेगळ्या जातींचे वीस-तीस पक्षी एकत्र खात खात झाडांतून सरकतात आणि बरोबर एखादा कोतवाल असतो, जो धोका दिसताच ओरडतो आणि दुसऱ्यांनी उठवलेले किडे मधल्या मधे टिपतो. दहा मिनिटे काहीच नसते आणि मग दोन मिनिटे कुठे पाहावे हे समजत नाही.

पायपीट (८ डिसेंबर, रात्री ११.१५)

धोका दिसताच ओरडणे आणि दुसऱ्यांचे मधल्या मधे टिपणे, हे वर्णन आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तंतोतंत लागू पडते. कोतवालसाहेब, आपण हे टोपणनाव विचारपूर्वक घेतले आहे ना?

अर्धाकप (९ डिसेंबर, सकाळी ८.२०)

गटाच्या आकाराबद्दल कोतवाल यांच्याशी मी सहमत आहे, पण माझा आक्षेप मार्गदर्शक या कल्पनेवरच आहे. मागच्या वर्षी एका फेरीत आमच्या मार्गदर्शकांनी एकाच झाडाखाली चाळीस मिनिटे व्याख्यान दिले. त्यात झाडाचे शास्त्रीय नाव, त्या नावाची व्युत्पत्ती, खोडाचे, पानांचे आणि बियांचे औषधी उपयोग आणि शेवटी स्वतःच्या मामांना आलेला गुण, एवढे सगळे होते. आम्ही मुंबईकर आठवडाभर लोकलमधल्या उद्घोषणा ऐकून रविवारी शांततेसाठी जातो, तर तिथेही उद्घोषणाच. मला वाटते, हिवाळ्यातल्या सकाळी वाळक्या पानांवरून चालताना जो आवाज येतो तोच ऐकावा आणि झाडाचे नाव घरी येऊन शोधावे. नाव कळले नाही म्हणून झाड कमी हिरवे दिसत नाही.

मोडीवाचक (९ डिसेंबर, दुपारी १.१०)

अर्धाकप यांचे शेवटचे वाक्य सुंदर आहे, पण मला ते पटत नाही. नाव कळल्यावर झाड वेगळे दिसू लागते, हा माझा अनुभव आहे. मी पंचवीस वर्षे बोरिवलीला राहून राष्ट्रीय उद्यानातल्या सगळ्या मोठ्या झाडांना ‘जंगली झाड’ म्हणत होतो. एका बाईंनी मला कुंभा दाखवला आणि त्यानंतर तो मला रस्त्याच्या कडेलाही भेटू लागला. तोपर्यंत तो तिथे नव्हता, असे थोडेच आहे?

मूळ प्रश्नातल्या ‘हिवाळी’ या शब्दाबद्दल थोडे लिहितो, कारण डिसेंबर आणि फेब्रुवारी यांत पुष्कळ फरक आहे. डिसेंबरात आपल्याकडचे रान अजून बरेच हिरवे असते. साग, सावर, पांगारा यांची पाने जानेवारी-फेब्रुवारीत झडत जातात आणि मग सावर-पांगाऱ्याच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले येतात. त्या फुलांतल्या मधासाठी भोरड्यांचे थवे उतरतात. हे पाहुणे मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून येतात आणि उन्हाळ्यात परत जातात. ज्यांना पक्षी नीट दिसावेत असे वाटते त्यांनी पाने झडल्यावर जावे, आणि ज्यांना गवत पाहायचे आहे त्यांनी त्याआधी, कारण माळावरचे गवत आता सोनेरी झाले आहे आणि पुढे ते कापले तरी जाते किंवा जळते तरी. दोन्ही हवे असल्यास जानेवारीचा मध्य बरा.

येऊरला कारवीचे दांडे पाहिले का? कारवी सात वर्षे नुसती वाढते आणि आठव्या वर्षी सगळी एकदम फुलून मरते. राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली आणि नंतर २०२४ साली फुलली. आता जुन्या वाळक्या काठ्यांच्या पायाशी नवी रोपे आहेत आणि फुलांसाठी २०३२ पर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत दहिसरकरीण यांच्या वडिलांचा गुडघा खणखणीत राहो.

गोरेगावकर (९ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०)

जागांविषयी विचारले आहे, तर कामाचे सांगतो. अगदी पहिल्या प्रयत्नासाठी गोरेगावला चित्रनगरीला लागून असलेले बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र चांगले आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या आवारात राष्ट्रीय उद्यानाला जोडलेले रान आहे आणि चढ फारसा नाही. माळ आणि रान शेजारीशेजारी पाहायचे असतील तर तानसा अभयारण्याचा विचार करावा. दोन दिवस हाताशी असतील तर मुरूडजवळच्या फणसाडला जावे. एके काळी ते जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान होते आणि १९८६ साली अभयारण्य झाले. तिथे झाडीतून एकदम मोकळ्या माळावर बाहेर पडण्याची जी गंमत आहे, ती मुंबईच्या जवळ क्वचित मिळते. शिवाय नशिबात असेल तर शेकरू दिसते.

कुठेही जा, रविवारचा मेगाब्लॉक आदल्या रात्री पाहून ठेवा. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि नऊ-साडेनऊनंतर पाखरांची लगबग ओसरते, म्हणजे खरी फेरी दोन तासांचीच असते. त्यातला एक तास कल्याणला फलाटावर काढण्यात अर्थ नाही. आणि जंगलात शिरण्याआधी वनखात्याच्या फाटकावर रीतसर नोंद करावी. आयोजक ‘मागच्या वाटेने नेतो’ असे सांगू लागला तर तिथूनच घरी यावे.

हळद्या (९ डिसेंबर, रात्री १०.०२)

थंडीचे कपडे किती न्यावेत, हेही कोणीतरी सांगा. आमच्या गटात एक गृहस्थ मफलर, कानटोपी आणि हातमोजे घालून आले होते आणि आठ वाजता ते सगळे पिशवीत भरून बनियनवर चालत होते.

मोडीवाचक (९ डिसेंबर, रात्री १०.२०)

सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदले गेले होते. त्या गृहस्थांच्या घरी अजून त्याच दिवशीचे वर्तमानपत्र येत असावे. एरवी एक पातळ पूर्ण बाह्यांचा सदरा पुरतो, आणि तो थंडीसाठी नाही, काट्यांसाठी.

टेम्स_काठचा (१० डिसेंबर, पहाटे ३.४५)

मी मूळचा विलेपार्ल्याचा, सध्या इंग्लंडात आहे. इथल्या हिवाळी सामूहिक फेऱ्यांत गेली सहा वर्षे चालतो आहे, म्हणून तुलनेसाठी लिहितो. कोतवाल यांनी सांगितलेला ‘मागचा माणूस’ इथे प्रत्येक फेरीत असतो आणि निघण्यापूर्वी पुढचा कोण व मागचा कोण हे सगळ्यांना दाखवले जाते. नियम इतकाच की पुढच्याच्या पुढे जायचे नाही आणि मागच्याच्या मागे राहायचे नाही. डिसेंबरात लंडनला सूर्य चार वाजायच्या आत मावळतो, त्यामुळे जेवण उरकून निघालेला गट रेंगाळला तर अंधारात सापडतो. म्हणून इथे वेळेची काटेकोर आखणी असते.

इथली कुरणे हिवाळ्यात सोनेरी नसतात. गवत उन्हाळ्यातच कापून नेलेले असते, उरते ते आखूड, हिरवे आणि पाण्याने फुगलेले. नदीकाठच्या कुरणात बूट घोट्यापर्यंत रुततो आणि प्रत्येक पाऊल आवाज करून सुटते. त्यानंतर ओक आणि बीचच्या उघड्या रानात शिरलो की एकदम कोरडे वाटते. कुंपणाच्या काटेरी झुडपांवरची लाल फळे खायला स्कँडिनेव्हियाकडून कस्तुरांचे थवे आलेले असतात. म्हणजे पाहुण्यांची रीत दोन्हीकडे सारखीच आहे, फक्त इथले पाहुणे गारठा पत्करून येतात.

मला सगळ्यांत नवल वाटते ते वाटांचे. शेतकऱ्याच्या खाजगी कुरणातून जाणाऱ्या पायवाटेवरही चालण्याचा कायदेशीर हक्क असतो. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या किंवा एका वेळी एकच माणूस जाईल असे फाटक असते, आणि फाटक जसे सापडले तसेच ठेवायचे हा अलिखित नियम आहे. हा हक्क फुकट मिळालेला नाही. १९३२ साली किंडर स्काउट या डोंगरावर मज्जाव मोडून शेकडो लोक चढले, त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला, आणि डोंगर-पठारांवर मोकळेपणी चालण्याचा कायदा व्हायला २००० साल उजाडावे लागले.

शहापूरची_लेक (१० डिसेंबर, सकाळी ११.३०)

इंग्लंडचा शेतकरी फाटक जसेच्या तसे राहील असा विश्वास ठेवू शकतो, हे वाचून मला हेवा वाटला. मी ज्या गावात वाढले तिथल्या बाजूने थोडे लिहिते, कारण इथे आतापर्यंत सगळे चालणारेच बोलले आहेत.

ज्याला तुम्ही ‘सोनेरी माळ’ म्हणता ते आमच्याकडे पीक असते. पावसाळा संपला की गवत कापायला सुरुवात होते. ते वाळवून त्याच्या गंजी रचतात, काही घरच्या गुरांना ठेवतात आणि उरलेले वखारीत जाते. तुमच्या मुंबईतल्या तबेल्यांतल्या म्हशी आमच्या तालुक्यातल्या गवतावर दूध देत आल्या आहेत. त्या उभ्या गवतातून वीस जण ‘फोटोला छान येते’ म्हणून आडवे-तिडवे चालले की ते झोपते, आणि झोपलेले गवत विळ्याला लागत नाही. दोन वर्षांपूर्वी एका गटातल्या मुलांनी आमच्या काकांच्या गंजीवर चढून उड्या मारल्या. काका काही बोलले नाहीत, कारण पाहुण्यांना काय बोलायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी ती गंजी पुन्हा रचली, त्यात त्यांचा सगळा दिवस गेला.

दुसरी गोष्ट आगीची. जानेवारीनंतर एक विडीचे थोटूक पुरते. वनखाते गवत आधीच पट्ट्यापट्ट्याने जाळून जाळरेषा आखते, पण वारा असला की वणवा ती उडी मारून पार करतो. मग आमचे लोक हिरवे डहाळे घेऊन रात्रभर झोडपत राहतात. फेरीला जाताना आयोजकाला एवढे तरी विचारा की शेकोटी किंवा चहाची चूल लावणार आहात का. ‘हो, मजा येईल’ असे उत्तर आले तर जाऊ नका.

एक चांगलेही सांगते. तानसाच्या विरळ सागवानात रानपिंगळा आहे. १८८४ नंतर ११३ वर्षे कोणाला न दिसलेला आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला हा छोटा पिंगळा दिवसाउजेडी बसलेला दिसतो, आणि २०१४ साली तो आमच्याकडेही नोंदला गेला. त्यानंतर पोरांना घुबड अशुभ वाटेनासे झाले, कारण त्याच्यासाठी लांबून माणसे येतात आणि गावात जेवतात. तेव्हा या, पण वाटेने चाला, गावातल्या एखाद्याला वाट दाखवायला बरोबर घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. शास्त्रीय नाव त्याला येणार नाही. मात्र कोणत्या उंबराला सध्या फळ आहे, हे त्याला विचारावे लागत नाही.

अर्धाकप (१० डिसेंबर, दुपारी १२.१५)

शहापूरची_लेक, मी माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. असा मार्गदर्शक असेल तर मी पूर्ण कप घेऊन त्याच्या मागे चालेन.

दहिसरकरीण (१० डिसेंबर, रात्री ९.१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. शहापूरची_लेक, तुमचे लिहिणे वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. ते लहानपणी सुट्टीत आजोळी गवत कापायला जात असत, हे मला आजच कळले.

एक शंका राहिली आहे. आईचा या सगळ्याला विरोध आहे तो एकाच शब्दामुळे, आणि तो शब्द म्हणजे बिबट्या.

कोतवाल (१० डिसेंबर, रात्री १०.३०)

आईंना सांगा की इतक्या वर्षांत, दिवसाच्या फेरीत, मला बिबट्या फक्त दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा त्याची शेपटीच दिसली. त्याने मला किती वेळा पाहिले असेल, हे मात्र आईंना सांगू नका. घ्यायची काळजी साधी आहे. उजाडल्यावर शिरावे, अंधारापूर्वी बाहेर पडावे, लहान मुलांना रांगेच्या मधे ठेवावे आणि आडोशाला एकट्याने वाकून बसू नये. माकडे किंवा चितळ इशाऱ्याचा आवाज करू लागले तर तिथे धावत जायचे नाही, मार्गदर्शक सांगेल ते करायचे. राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरचे वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहतात आणि वाघोबाला देव मानतात. शेजारी देव असला की माणूस आपोआप नीट वागतो.

मला आईंना खरी भीती दाखवायची झाली तर मी आग्या मोहोळाची दाखवीन. अत्तर लावून येऊ नये आणि मोहोळाखाली बोलूही नये.

हळद्या (१० डिसेंबर, रात्री १०.४८)

आणि खाजकुयलीची. हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळून तपकिरी होतात आणि त्यांच्यावर मखमलीसारखी लव असते. तुंगारेश्वरला मी ‘किती मऊ आहे’ असे म्हणत तिला हात लावला. पुढच्या अर्ध्या तासात मी ज्या ठिकाणी खाजवले त्या प्रत्येक ठिकाणी ती लव पोहोचली, आणि आमच्या मार्गदर्शकांनी अतिशय शांतपणे संपूर्ण गटाला जवळ बोलावून मला दाखवत खाजकुयलीची माहिती दिली. चोळू नये, चिकटपट्टी लावून लव ओढून काढावी आणि मग धुवावे, हे मला त्या व्याख्यानाच्या शेवटी समजले. कोतवाल यांचे म्हणणे खरे आहे. उडून न जाणारी गोष्ट सगळ्या गटाला दाखवता येते.

पायपीट (१० डिसेंबर, रात्री १०.५५)

मी हा धागा लोकलमध्ये वाचत होतो आणि एकटाच हसल्यामुळे शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे बसले. खाजकुयलीचा हा उपयोग शास्त्रात नोंदवावा.

दहिसरकरीण (१९ जानेवारी, रात्री ८.५०)

धागा वर आणते आहे, कारण काल आम्ही जाऊन आलो. तानसा निवडले. आयोजकाला फोनवर कोतवाल आणि शहापूरची_लेक यांचे सगळे प्रश्न विचारले. किती माणसे, मागे कोण, शेकोटी आहे का, गावातला कोणी बरोबर आहे का? पलीकडून थोडा वेळ शांतता होती आणि मग विचारले गेले, “तुम्ही वनखात्यातून बोलताय का?” उत्तरे मात्र बरी आली. १३ माणसे, पुढे एक ताई, आणि मागे गावातला एक मुलगा, जो पूर्ण वेळ जवळजवळ काही बोलला नाही.

वडील अपेक्षेप्रमाणे तासाभरात मागे पडले आणि मीही त्यांच्याबरोबर रेंगाळले. पुढचा गट सागाच्या वाळक्या पानांवरून पापड मोडल्यासारखा आवाज करत वळणाआड गेला. वडिलांनी एका दगडावर बसून गुडघा चोळायला घेतला. तो मुलगा उभाच होता. बऱ्याच वेळाने त्याने हनुवटीने समोरच्या उंबराकडे खूण केली. मला पानेच दिसत होती. मग एक पान सरकले, त्याला पिवळे पाय होते. त्यानंतर दुसरे, तिसरे, आणि पाहता पाहता त्या उंबरात हरियालच हरियाल दिसू लागले, राखी डोकी आणि हिरवट पिवळी अंगे, आणि आम्ही जवळजवळ पाच मिनिटे त्यांच्या समोर बसून होतो. मुलगा एवढेच म्हणाला, “रोज असतात.” पुढे गेलेल्यांना ते दिसले नव्हते. आम्ही नंतर सांगितले, तेव्हा ताईंनी सगळ्यांना मागे आणले आणि गट त्या दगडापाशी मुकाट्याने बसला. पक्षी बरेचसे तिथेच होते.

रानपिंगळा दिसला नाही. माळावरचे गवत बहुतेक कापून झाले होते, उरलेल्या कडेने वाट होती आणि आम्ही वाटेनेच चाललो.

शहापूरची_लेक (१९ जानेवारी, रात्री ९.२०)

वाचून बरे वाटले. वडिलांच्या मोज्यांत कुसळे किती आली?

दहिसरकरीण (१९ जानेवारी, रात्री ९.४५)

मोजे आईने बाल्कनीतच काढायला लावले. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे नाहीत, अशी सक्त ताकीद आहे. तेव्हा वडील चष्मा लावून एकेक कुसळ उपटत बसले आहेत. मघाशी त्यांनी मला हाक मारून बोलावले. बशीत पाण्याचा एक थेंब टाकून त्यात त्यांनी एक कुसळ ठेवले होते. त्याचा पीळ घातलेला काळा शेपटा भिजला आणि ते घड्याळाच्या काट्यासारखे आपोआप फिरू लागले. जमिनीत स्वतःला असेच रुजवून घेते, असे आजोळी त्यांना कोणीतरी दाखवले होते म्हणे. आता आईसुद्धा कंबरेवर हात ठेवून पाहत उभी आहे.